पन्नीतला रस्सा, उन्हातला जार: प्लॅस्टिकमधल्या रसायनांना किती भ्यायचं?

प्रश्न नागपूरच्या एका ताईंचा आहे. मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे. घरात प्लॅस्टिकचे डबे भरपूर, प्यायला थंड पाण्याचा जार, रविवारी सावजीचं पार्सल पन्नीत. मेंदूत प्लॅस्टिक सापडल्याची बातमी वाचून त्यांची झोप उडाली आहे. दुसरीकडे जावई म्हणतात, हे सगळं भीतीचं दुकान आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. सगळं प्लॅस्टिक फेकून द्यायचं का? ‘बीपीए फ्री’, म्हणजे बीपीए हे रसायन नसलेलं, असं लिहिलेलं घेतलं की काम झालं का? आणि बाळाच्या बाटलीचं काय?

ताई, सगळं फेकू नका. डबा कुठल्या प्लॅस्टिकचा आहे यापेक्षा त्यात काय ठेवता, किती गरम ठेवता आणि किती वेळ ठेवता, हे आधी बघा. उष्णता, तेल आणि वेळ हे तिन्ही जिथे एकत्र येतात तेवढ्याच जागा बदला. साध्या घरात त्या पाच-सहा निघतात. बाकीचं प्लॅस्टिक राहू द्या.

असं का, ते तुमच्याच ओट्यावर दिसेल. ज्या डब्यात एकदा तर्री किंवा हळदीची भाजी ठेवली, त्याचा पिवळा डाग कितीही घासला तरी जात नाही. कारण तो डाग पृष्ठभागावर नसतोच. तेलात विरघळलेली हळद प्लॅस्टिकच्या आत मुरलेली असते. प्लॅस्टिक म्हणजे लांबलचक साखळ्यांचा गुंता, आणि त्या साखळ्यांच्या मधे बारीक रेणूंना फिरायला जागा असते. बाहेरून आत जायला वाट आहे, तशीच आतून बाहेर यायलाही आहे. आत काय असतं? साखळीत न जोडले गेलेले मूळ रेणू, बनवताना वापरलेला उत्प्रेरक, मऊपणासाठी घातलेली थॅलेट्स, रंग, उन्हाने तडकू नये म्हणून घातलेले स्थिरक. यातले बरेचसे साखळीला बांधलेले नसतात, नुसते अडकून असतात. तापमान वाढलं की साखळ्या सैल होतात आणि हे रेणू सुटतात. त्यातले पुष्कळसे तेलात सहज विरघळतात, म्हणून साध्या पाण्यापेक्षा तेलकट रस्सा त्यांना जास्त ओढून घेतो.

उष्णतेचा परिणाम किती जोरात वाढतो याची कल्पना सहसा नसते. पाण्याच्या नेहमीच्या पारदर्शक बाटल्या ‘पेट’ (PET) नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. पेट बनवताना बहुतेक वेळा अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्याचं संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्याचा अंश बाटलीत उरतो. २००८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या बाटल्यांवर झालेल्या अभ्यासात, पाण्यातली अँटिमनी तिथल्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरला ६ मायक्रोग्रॅमच्या, वर जायला किती दिवस लागतात ते मोजलं. ६० अंशांना १७६ दिवस. ७० अंशांना १२ दिवस. ८० अंशांना सव्वादोन दिवसांच्या आसपास. तापमान फक्त २० अंशांनी वाढलं आणि वेळ सत्तर पटींहून जास्त घटला. आता नवतपातला नागपूरचा पारा डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४५-४६ अंश असताना काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी आतून साठीपर्यंत सहज तापते. तिथे एक दुपार राहिलेल्या बाटलीने कोणी आजारी पडणार नाही, हे वरच्या आकड्यांवरूनच कळतं. पण डिकीत महिनाभर पडलेला बाटल्यांचा खोका किंवा उन्हात रचलेली पेटी वेगळी. दुकानासमोर उन्हात रचलेल्या पेट्यांतलं पाणी घेऊ नका, आतल्या सावलीतलं मागा.

आता वादाबद्दल. जावई आणि बातमी दोघांकडेही थोडं थोडं खरं आहे.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए. पॉलिकार्बोनेट नावाचं कडक, काचेसारखं प्लॅस्टिक आणि पत्र्याच्या डब्यांचं आतलं अस्तर त्यापासून बनतं. शरीरात ते इस्ट्रोजेन या संप्रेरकाची थोडीफार नक्कल करतं, भांडण त्यावरून आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅम ठरवली होती. २०२३ मध्ये त्याच संस्थेने ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २० हजार पट खाली. ६० किलोच्या बाईसाठी ही मर्यादा रोजच्या २४० मायक्रोग्रॅमवरून १२ नॅनोग्रॅमवर आली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेला हे पटलं नाही. त्यांनी दर किलोमागे २०० नॅनोग्रॅम ही मर्यादा सुचवली, म्हणजे युरोपच्या नव्या आकड्याच्या हजारपट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं म्हणणं अजून असंच आहे की अन्नात सध्या जेवढं बीपीए उतरतं तेवढ्याने धोका नाही.

एवढा फरक पडतो कारण ‘अपाय’ कशाला म्हणायचं यावरच एकमत नाही. युरोपने उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशींमधल्या एका प्रकारची संख्या वाढते, हा परिणाम धरला. जर्मनांचा प्रश्न असा की पेशी वाढल्या म्हणजे आजार झाला का, आणि उंदरावरून माणसाचा हिशोब असा थेट मांडता येतो का? दोन्ही बाजूंना काम जाणणारी माणसं आहेत. मात्र युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाशी संपर्कात येणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीए वापरण्यावर बंदीचा नियम केला आणि उद्योगांना बदलायला मुदत दिली. म्हणजे शास्त्रातला वाद मिटायची वाट न बघता त्यांनी सावधगिरीची बाजू घेतली. गरोदर बाई घरात असेल तर घरानेही तीच बाजू घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गर्भाचे अवयव घडण्या-वाढण्याचा काळ एकदाच येतो, आणि संप्रेरकांच्या बाबतीत अगदी थोडी मात्राही चुकीच्या वेळी महत्त्वाची ठरू शकते. इथे सावध राहण्याचा खर्च दोन स्टीलचे डबे एवढाच आहे.

सूक्ष्म प्लॅस्टिकच्या बातम्या वाचताना मात्र हात थोडा आखडता ठेवा. ‘दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं, ५ ग्रॅम प्लॅस्टिक आपण खातो’ हे वाक्य अजून फिरतंय. नंतरच्या अधिक काटेकोर हिशोबात मोठ्या माणसाचा आठवड्याचा आकडा काही मायक्रोग्रॅम निघाला, म्हणजे लाखो पटींनी कमी. मेंदूतल्या प्लॅस्टिकचा २०२५ मधला अभ्यास खरा आहे, पण त्याच्या मोजणीवर गंभीर आक्षेप आहेत. त्यात नमुना तापवून त्याचे तुकडे ओळखतात, आणि मेंदूतली चरबी तापवली तरी पॉलिथिनसारखेच तुकडे मिळतात. इटलीतला २०२४ चा अभ्यास जास्त विचार करायला लावणारा आहे. मानेच्या रक्तवाहिनीतला चरबीचा साठा शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांचा पाठपुरावा झाला. ज्यांच्या साठ्यात प्लॅस्टिक सापडलं त्यांच्यात पुढच्या ३४ महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला. पण प्लॅस्टिकमुळेच तो वाढला, हे यातून सिद्ध होत नाही. ज्यांच्या शरीरात प्लॅस्टिक जास्त जातं त्यांच्या राहणीत इतरही फरक असू शकतात.

काळ्या प्लॅस्टिकच्या उलथण्यांचं प्रकरणही तुमच्यापर्यंत आलं असेल. २०२४ च्या त्या अभ्यासात जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या भंगारातलं आगरोधक रसायन स्वयंपाकाच्या भांड्यांत सापडलं, हे बरोबर होतं. पण सुरक्षित मर्यादा काढताना ७,००० गुणिले ६० हे ४,२०,००० ऐवजी ४२,००० धरलं गेलं. त्यामुळे मर्यादेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असलेली मात्रा मर्यादेला टेकल्यासारखी दिसली. नंतर दुरुस्ती छापली गेली, ती फार कोणी वाचली नाही. तरीही फोडणीत काळं प्लॅस्टिक घालू नका. तिथे झारा किंवा लाकडी उलथणं हवं, कारण तापलेल्या तेलात कुठलंच प्लॅस्टिक घालायचं नसतं.

आता घरात फिरू. सगळ्यात आधी रविवारचं पार्सल. माझ्या मते तुमच्या घरातली सर्वांत मोठी एकच जागा ही आहे.

सावजीचा रस्सा पातेल्यातून थेट पन्नीत ओततात. वरचा तवंग तेव्हा शंभर अंशांच्या जवळ असतो. पातळ पन्नी साधारण ११० अंशांना वितळते, पण त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडते. हातात धरलेली पन्नी खालून ताणून लांब झालेली दिसते ना, ते हेच. त्यात वर तेल, आत मसाल्याची आंबट-तिखट आम्लं, आणि गाठ मारल्याने उष्णता अडकलेली. पन्नी रंगीत किंवा काळपट असेल तर ती पुनर्वापर केलेल्या मालाची असण्याची शक्यता मोठी, आणि त्यात आधी काय भरलं होतं ते कोणालाच सांगता येत नाही. अशा पिशव्यांत खाद्यपदार्थ द्यायला २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी मनाई केली होती, २०२१ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांच्या अटीवरच सूट आहे, तरी वाटेल ती पन्नी सर्रास चालते. तर्री पोह्यांच्या तर्रीचं आणि पन्नीत बांधून आणलेल्या चहाचंही असंच.

उपाय सोपा आहे. कडीचा स्टीलचा डबा सोबत न्या. चार माणसांच्या रश्शाला दीड लिटरचा पुरतो, कारण वर दोन बोटं जागा सोडावी लागते, नाहीतर झाकणातून तेल गळतं. झाकणाची रबरी रिंग आधी तपासा. ती चिकट किंवा तडकलेली असेल तर बदला. डबा न्यायचा राहिला आणि पन्नीत आलंच, तर घरी पोचताच पातेल्यात ओता. सुरुवातीच्या गरम वेळेतच जास्तीत जास्त उतरतं, त्यामुळे ‘जेवायच्या वेळी काढू’ म्हणून ओट्यावर ठेवू नका. आणि पन्नीसकट गरम पाण्यात बुडवून पुन्हा गरम करणं तर अजिबात नको.

मायक्रोवेव्हचंही इथेच सांगते. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ डबा वाकणार किंवा वितळणार नाही. त्यातून काहीच उतरत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण पदार्थांची मर्यादा दर किलो अन्नामागे ६० मिलिग्रॅम आहे. कायदाच मुळी शून्य मागत नाही. शिवाय चाचणी ठरलेल्या द्रावणात, ठरलेल्या तापमानाला होते. तूप घातलेला मसालेभात मायक्रोवेव्हमध्ये जागोजागी त्याहून जास्त तापू शकतो. काचेच्या भांड्यात काढून गरम करा. मेलामाइनच्या प्लेट-वाट्या मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाहीत, आणि उकळता सांबार किंवा कढीही त्यात वाढू नका. गरम आणि आंबट पदार्थात मेलामाइन उतरतं.

पाण्याचा जार. निळसर, कडक, वाजवला की टणटण आवाज येणारा २० लिटरचा जार बहुतेक पॉलिकार्बोनेटचा असतो. बुडाशी त्रिकोणात ७ किंवा ‘पीसी’ असं दिसेल. खोलीच्या तापमानाला त्यातून फार थोडं उतरतं. २००८ मध्ये अशा बाटल्यांवर केलेल्या प्रयोगात उकळतं पाणी घातल्यावर बीपीए उतरण्याचा वेग १५ ते ५५ पट वाढला होता. म्हणून जार उकळत्या पाण्याने किंवा धुण्याच्या सोड्याने धुऊ नका. क्षार आणि उष्णता मिळून पॉलिकार्बोनेटची साखळीच तोडतात. आतून धूसर झालेला, बारीक चिरा पडलेला जार आला तर परत करा. आलेला जार सावलीत ठेवा आणि पाणी माठात किंवा स्टीलच्या पिंपात काढून घ्या. पण एक गोष्ट ठामपणे सांगते: सुट्या थंड जारच्या पाण्यात रसायनांच्या आधी जंतूंची काळजी करा. पॅकबंद पाण्याच्या मानकाचा आयएस १४५४३ क्रमांक आणि शिक्का जारवर नसेल, तर गरोदर मुलीला ते पाणी उकळून गार केल्याशिवाय देऊ नका. उकळायचं स्टीलच्या पातेल्यात.

गच्चीवरच्या काळ्या टाकीबद्दल लोक खूप घाबरतात, तेवढं कारण नाही. ती पॉलिथिनची असते, त्यात मऊपणाची रसायनं घालावी लागत नाहीत. मे महिन्यात दुपारी नळाला कढत पाणी येतं ते स्वयंपाकाला घेऊ नका, सकाळी भरून ठेवा. जुन्या घराची पाइपलाइन पीव्हीसीची असेल तर हे जास्त पाळा, कारण पीव्हीसी पाइपांत शिशाचं स्थिरक वापरण्यावर आपल्याकडे नियम आला तोच मुळी २०२१ मध्ये.

टपरीवरचा कागदी कप नुसत्या कागदाचा नसतो, आत पॉलिथिनचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या अभ्यासात ८५ ते ९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर सुमारे २५ हजार सूक्ष्म कण त्यात उतरले. कणांनी नेमकं काय होतं यावर वाद आहे, पण काचेचा ग्लास समोर असताना कप घ्यायचं कारण नाही. ग्लास नीट धुतला जातो की नाही, तेवढं बघा.

‘बीपीए फ्री’चं उत्तर: दुधाच्या बाटलीसाठी आवश्यक, पण पुरेसं नाही. बीपीए काढून बऱ्याच उत्पादकांनी त्याचे सख्खे भाऊ बीपीएस आणि बीपीएफ घातले. त्यांची रचना जवळपास तशीच आणि संप्रेरकांवरचा परिणामही त्याच जातीचा. लेबलाऐवजी बुडाचा आकडा वाचा. २, ४ आणि ५ म्हणजे पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन, यांत बिस्फेनॉल किंवा थॅलेट्सची मुळात गरज नसते. ३ म्हणजे पीव्हीसी. मऊ पीव्हीसी अन्नाजवळ नको आणि बाळाच्या तोंडात जाणारं खेळणं म्हणून तर नकोच. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, गरम पदार्थाला नाही. आकडा पुसला गेला असेल तर जुन्या झाकणाचा नखाएवढा तुकडा कापून, साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडा. २, ४, ५ तरंगतात. पेट, पीव्हीसी आणि पॉलिकार्बोनेट तळाला जातात. जाळून ओळखायच्या भानगडीत पडू नका. पीव्हीसी जाळल्यावर निघणारा धूर घशाला आणि फुप्फुसाला घातक असतो.

आता बाळाची बाटली. अंगावरचं दूध पाजता आलं तर हा प्रश्न बराचसा मिटतो. वरचं दूध द्यावं लागलंच तर काचेची किंवा स्टीलची बाटली घ्या, किंवा डॉक्टरांशी बोलून वाटी-चमचा वापरा. प्लॅस्टिकची बाटली आधीच घेतली असेल तर ती बहुधा पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे ५ आकड्याची असेल. तीत बीपीए नसतं, पण डब्लिनमधल्या २०२० च्या अभ्यासात गरम पाण्याने दूध बनवताना तिच्यातून लिटरमागे सुमारे १ कोटी ६० लाखांपर्यंत कण निघालेले मोजले गेले, आणि पाणी जितकं गरम तितके जास्त. त्यावरची पद्धत अशी. बाटली नेहमीसारखी उकळून निर्जंतुक करा, त्यात काटकसर नाही. स्टीलच्या पातेल्यात वेगळं उकळून गार केलेल्या पाण्याने ती तीनदा विसळा. पावडरचं दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, निदान ७० अंशांच्या पाण्यात कालवा, कारण पावडरमधले जंतू मारायला तेवढी उष्णता लागते. कोमट झाल्यावर बाटलीत ओता. गरम दूध बाटलीत घालून जोरजोरात हलवणं टाळा. उरलेलं दूध पुन्हा बाटलीसकट गरम करू नका.

प्लॅस्टिक सोडून काय आणायचं, यातही चुका होतात. ॲल्युमिनियमच्या डब्यात चिंच, टोमॅटो, ताक नको, आम्लाने धातू उतरतो. पितळेला कल्हई नसेल तर आंबट अजिबात नको. स्टील घेताना ३०४ किंवा १८/८ असा छाप बघा. स्वस्त स्टीलमध्ये लोणचं ठेवलं की ठिपके पडतात. लोणच्याला काचेची बरणी उत्तम. चिनीमातीची चकचकीत रंगीत, विशेषतः आतून रंगवलेली असेल तर तिच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ती शोभेला ठेवा.

‘शरीरातलं प्लॅस्टिक काढणारे’ काढे आणि गोळ्या घेऊ नका, आणि लघवीतली बीपीए-चाचणी करून पैसे घालवू नका. बीपीए आणि थॅलेट्स यकृतात बदलून काही तासांत लघवीवाटे जातात, त्यामुळे चाचणी फक्त काल काय खाल्लं ते सांगते. यातली चांगली बाजू अशी की बदलाचा फायदाही लगेच दिसतो. २०११ मधल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात पाच कुटुंबांतल्या वीस जणांनी तीन दिवस डबाबंद आणि प्लॅस्टिकबंद सोडून फक्त ताजं अन्न खाल्लं. तेवढ्यात लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी आणि डीईएचपी या थॅलेटचे अंश निम्म्याहून अधिक कमी झाले.

मुलगी यायच्या आधी एवढं करा: पार्सलसाठी दीड लिटरचा स्टीलचा डबा, गरम करायला एक काचेचं भांडं, तेल-तूप-लोणच्यासाठी काचेच्या बरण्या, फोडणीला झारा आणि दोन काचेच्या दुधाच्या बाटल्या. डाळ, तांदूळ, रवा, कुरडया प्लॅस्टिकच्या डब्यांत आहेत तशाच राहू द्या. कोरडं आणि गार धान्य त्यातून फारसं काही ओढून घेत नाही, फक्त डबे खिडकीच्या उन्हातून हलवा. हळदीने पिवळे झालेले, आतून खरखरीत झालेले डबे खिळे, सुया, कपड्यांचे चिमटे ठेवायला काढा. झाकणावर मार्करने मोठी फुली मारा, म्हणजे घाईत कोणी त्यात उरलेली भाजी भरणार नाही.